चार नंबरच्या खोलीसाठी प्रमाणपत्र

फोन आला तेव्हा मी धुऊन आलेल्या चादरी मोजत होते. बावीस गेल्या होत्या, एकवीस परत आल्या होत्या, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. साताऱ्याहून एक माणूस बोलत होता.

"मॅडम, तुमची वेबसाइट उघडली की वर पत्त्याच्या शेजारी 'सुरक्षित नाही' असं येतंय. फॉर्म भरू का नको?"

"येत असेल. भरा की. सगळे भरतात."

"ते खरं, पण मग हे वाचतं कोण?"

चादरी बाजूला ठेवल्या. मी हे काम बघते तेव्हापासून शेकड्यांनी फॉर्म आले असतील, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मिरजेत दवाखान्यांच्या गल्ल्यांमागे आमच्या संस्थेची अकरा खोल्यांची इमारत आहे. बाहेरगावचे पेशंट तिथे उतरतात. मी सांगलीहून रोज पावणेनऊला येते आणि चादरींपासून खोल्यांपर्यंत सगळं बघते. त्याआधी वीस वर्षं साताऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. याद्या करायची सवय तिथली. दाराच्या समोरच्या भिंतीवर एक मोठा पांढरा फळा आहे, तो मीच मागून घेतला. दर सोमवारी त्यावर खोली, नाव, गाव आणि दवाखान्यातला विभाग असे चार रकाने भरते. एका तालुक्याची माणसं एकमेकांना सापडतात, डबा वाटून खातात, आणि पेशंटना दवाखान्यात सोडणाऱ्या गाडीवाल्याला कुणाला कुठं उतरवायचं ते विचारावं लागत नाही. खोलीसाठीचा अर्ज मात्र वेबसाइटवरून येतो. त्यासोबत रिपोर्ट जोडायचे, आणि संस्थेचे एक निवृत्त डॉक्टर ते बघून खोली देतात.

साताऱ्याचा माणूस दबक्या आवाजात बोलत होता. त्याच्या आईचं गाठीचं ऑपरेशन झालं होतं. आई तासगाव तालुक्यातल्या एका गावात एकटी राहायची. आता पाच आठवडे मिरजेत राहून मशीनवर शेक घ्यायचा होता. आमच्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात.

"आईला काय झालंय ते सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "साधी गाठ आहे, पुन्हा होऊ नये म्हणून शेक द्यायचा, एवढंच तिला माहीत आहे. कॅन्सरचं नाव कळलं तर ती सगळं सोडून घरी जाईल. माझ्या मावशीनं तसंच केलं. नाव ऐकलं त्या दिवशी अंथरूण धरलं, उपचारच घेतले नाहीत."

"मग रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा."

"नको. मागं एक एक्सरे डॉक्टरांना पाठवायचा तो गावच्या ग्रुपवर गेला. अख्ख्या गावानं लवकर बरे व्हा म्हणून फुलं पाठवली. नशीब, माझ्या गुडघ्याचा होता."

"पहिला शेक कधी आहे?"

"सोळा दिवसांनी."

"आठ दिवसांत वेबसाइट सुरक्षित करते," मी म्हणाले. ती कशानं सुरक्षित होते हे मला अजिबात माहीत नव्हतं.

त्या दिवशी खुर्चीत बसवेना. समोरच्या औषधवाल्याच्या फोनवर वेबसाइट उघडून बघितली, रिक्षावाल्याच्या बघितली, उसाच्या रसवाल्याच्याही बघितली. तिन्हीकडे तेच दोन शब्द. रसवाला म्हणाला, "ताई, आजवर ह्याच्यावरच चाललंय न्हवं? मग आता काय झालं?" मी फोन त्याच्या हातात दिला आणि रस न पिताच निघाले. आजवर आलेले सगळे फॉर्म डोळ्यांपुढून जायला लागले. कुणाची किडनी, कुणाच्या डोक्यातली गाठ. सगळं उघड्यावरून गेलं होतं आणि मी त्याच्या नीट प्रती काढून फाइलला लावत बसले होते.

वेबसाइट बनवणारा तरुण कराडशेजारी मलकापूरला बसायचा. चार दिवसांत अकरा फोन केले, उचलले नाहीत. बाराव्याऐवजी मी सकाळची एसटी धरली.

त्याचं ऑफिस ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर होतं. तासगाव भागातल्या द्राक्ष आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची कामं त्याच्याकडे आल्यापासून आमच्या अकरा खोल्या त्याच्या यादीत तळाला गेल्या होत्या.

"काकू, फोन करायचा की! एवढ्या लांब कशाला आलात?"

"अकरा केले."

"बरं, बसा," म्हणून त्यानं खुर्चीवरची खोकी उचलली. चहा सांगितला. आमची वेबसाइट उघडून बघितली आणि जीभ चावली. "सर्टिफिकेटच नाही हिला. सहा वर्षांपूर्वी कोण विचारत होतं? आता ब्राउझर बोंब मारतो."

"सर्टिफिकेट म्हणजे काय, ते मला कळेल असं सांग. मी लिहून घेणार आहे."

त्यानं माझ्या वहीकडे बघितलं आणि सावरून बसला. "तुमचा माणूस साताऱ्यात फॉर्म भरतो, तो सर्व्हरपर्यंत येतो. आत्ता तो द्राक्षांसारखा उघड्या ट्रॉलीतून चाललाय असं समजा. वाटेत कुणीही हात घालावा, चार मणी चाखावेत, वाटलं तर माल बदलावा. सर्टिफिकेट बसलं की सीलबंद कंटेनर. शिवाय कंटेनर ज्या दारात उतरतोय ते दार तुमचंच आहे, दुसऱ्यानं तुमची पाटी लावलेली नाही, याची खात्री."

"ही खात्री देतं कोण?"

"त्याच्या कंपन्या असतात. काही पैसे घेतात, काही फुकट देतात. प्रकार तीन. पहिल्यात फक्त बघतात की वेबसाइटचा पत्ता तुमच्या ताब्यात आहे का. त्यांनी दिलेली एक खूण साइटवर ठेवून दाखवायची, पाच मिनिटांत काम. दुसऱ्यात संस्थेची नोंदणी बघतात, कागद मागतात, फोन करून विचारतात. तिसऱ्यात तेच जरा जास्त कडक. पूर्वी त्या तिसऱ्या प्रकाराला पत्त्याच्या पट्टीत हिरव्या अक्षरात संस्थेचं नाव यायचं. आता ब्राउझरनं ते बंद केलं."

"मग तिसरं घेऊन काय मिळतं?"

"समाधान."

"आणि कुलूप कुणाचं जास्त भक्कम?"

"तिन्हीचं सारखं. तुमच्यासाठी फुकटवालं बास झालं. नव्वद दिवसांचं असतं, पण आपोआप नवं होत राहतं."

इथं माझं त्याच्याशी जमेना. स्टोअरमध्ये वीस वर्षं माझ्या हातून सर्टिफिकेटं गेली होती. लोखंडाच्या पट्ट्या आल्या की सोबत टेस्ट सर्टिफिकेट असायचं. पट्टीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला, लॅबचा शिक्का बघितला, की मगच माल आत. प्रमाणपत्र म्हणजे आत काय आहे त्याची हमी, हे माझ्या हाडात बसलेलं. जे पाच मिनिटांत आणि फुकट मिळतं त्याला मी प्रमाणपत्र कसं म्हणणार?

"आम्ही लोकांची माहिती नीट ठेवतो की नाही, हे यातलं कोणतं सर्टिफिकेट सांगतं?"

"एकही नाही."

"तिसरंसुद्धा नाही?"

"काकू, माल दारात उतरेपर्यंत त्यांची जबाबदारी. आत घेतल्यावर तुम्ही त्याचं काय करता ते कोण बघणार? ते तुमचं तुम्ही बघायचं."

मी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. परतीच्या एसटीत वही मांडीवर उघडी ठेवून तिन्ही प्रकार पुन्हा पुन्हा वाचत होते. दुसरा प्रकार घ्यायचा असं ठरवलं. निदान कुणीतरी आमचे कागद तर बघेल. संस्थेच्या नोंदणीची प्रत, पत्त्याचा पुरावा, अध्यक्षांची सही, सगळं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गोळा केलं. सोमवारी अर्ज गेला. ते लोक संस्थेच्या फोनवर फोन करून खात्री करतील, दोन दिवस लागतील, असं मलकापूरहून कळवलं. साताऱ्याच्या माणसालाही तसा निरोप दिला.

दोन दिवस गेले. तीन गेले. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावत होते, तर तो कधी दूधवाला, कधी गाडीवाला. चौथ्या दिवशी दाराशी बसणाऱ्या हवालदारांना विचारलं, मी बाजारात गेले होते तेव्हा काही फोन आला होता का. हवालदार म्हणजे आमचे चौकीदार. सैन्यातून निवृत्त, गाव सातारा जिल्ह्यातलं, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या.

"आलता की," ते फळ्याखालच्या स्टुलावरून उठत म्हणाले. "लय चिकट मानूस. हिंदीत बोलत हुता. संस्था हीच का, पत्ता ह्योच का, मॅडम हितंच कामाला हायत का. म्या म्हनलं, तुम कौन पूछनेवाला? तीन दिस झालं, तुमी बाजारात ग्येला की करतोय. पर आपन कायबी दिलं न्हाई."

"अहो, तो फोन मीच बोलावला होता!"

"मग आदी सांगायचं, मॅडम." ते जरा दुखावलेच. "आमाला ट्रेनिंगच तसं. फोनवर कोन बी इचारंल, युनिटचं नावसुदिक सांगायचं न्हाई. मागनं म्हनला, मॅडमचं नाव तरी खरं हाय का सांगा. म्या म्हनलं, अशी कोनबी बाई हितं न्हाई."

झालं. अर्ज फेटाळला गेला होता. अशी व्यक्ती संस्थेत नाही असं खुद्द संस्थेनंच कळवलं होतं. पुन्हा कागद, पुन्हा फोन, पुन्हा चार दिवस. पहिल्या शेकाला तीन दिवस उरले होते आणि रिपोर्ट बघितल्याशिवाय डॉक्टर खोली देईनात.

मलकापूरला फोन केला. या वेळी त्यानं पहिल्या घंटेला उचलला.

"बसव तुझं फुकटवालं."

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. दीड तासात काम झालं म्हणून कळवलं. मी बघितलं तर पत्त्याच्या शेजारचे ते दोन शब्द गेले होते, पण कुलूप काही दिसेना. पुन्हा फोन.

"काकू, तुमच्या फोनवर आता कुलूप दाखवत नाहीत, दोन रेघांचं चिन्ह असतं. त्याला हात लावा, आत लिहिलेलं असेल."

हात लावला. लिहिलेलं होतं. तरी औषधवाल्याच्या फोनवर बघितलं, तिथं कुलूप होतं. रसवाल्याच्या फोनवर पत्त्याच्या आधी तीन डब्ल्यू घालून आणि न घालता असं दोन्ही करून बघितलं. तीन डब्ल्यू घातले की पांढऱ्या पानावर मोठा इशारा. मलकापूरला तिसरा फोन. दोन्ही पत्ते एकाच प्रमाणपत्रात घालायचे राहिले होते, तेही घातले. शिवाय इमारतीचा जुना फोटो अजून उघड्या वाटेनं येत होता, तोही बदलला. नव्वद दिवसांत संपतं म्हणून ऐंशीव्या दिवसाखाली वहीत खूण केली. आपोआप होतं यावर माझा विश्वास नाही.

मग साताऱ्याला फोन केला. "भरा आता."

त्यानं वीस मिनिटांत फॉर्म भरला. रिपोर्ट आले. आईच्या शिक्षणाच्या रकान्यात 'नाही' होतं. शेवटी सूचनेच्या रकान्यात त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आईला आजाराचं नाव कळू देऊ नये, विनंती. डॉक्टरांनी चार नंबरची खोली दिली. त्या संध्याकाळी घरी जाताना मी सांगलीच्या स्टँडवर उतरून पायी चालत गेले, इतकं हलकं वाटत होतं. ते फार टिकलं नाही. घरी पोचायच्या आत दुसरीच काळजी लागली, त्या आईनं मला विचारलं तर काय सांगायचं.

सोमवारी सकाळी मायलेक आले. आई काटक, नऊवारी घट्ट नेसलेली, हातात कापडी पिशवी. खोली बघितली आणि पहिला प्रश्न केला, "केरसुनी कुटं हाय?" खोली आम्ही झाडलेलीच होती. तिनं पुन्हा झाडली आणि कॉटखालून निघालेला कचरा मला आणून दाखवला. तिचा पहिला शेक झाल्यावर मुलगा संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला परतला. जाताना माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

"ताई, किती डाव शेक द्येनार हायती?" संध्याकाळी तिनं विचारलं.

"पंचवीस."

"पंचवीस! शेजारनीच्या गुडघ्याला धाच दिलं व्हतं. आनि माझी तर गाठ काडलीया."

"डॉक्टरांना विचारायला हवं," मी म्हणाले आणि नसलेलं काम आठवून तिथून निघाले. असं मी त्या तीन दिवसांत चारदा केलं. ती दिसली की माझी पावलं भराभर पडायची.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास चार नंबरसमोरून गेले तर दार सताड उघडं. चादर घडी घालून उशीवर ठेवलेली. पिशवी नव्हती.

हवालदार दाराशी होते. "त्या व्हय? किल्ली माझ्याकडं दिली आनि गेल्या. एसटी स्टँड कुटं इचारलं. जायच्या आदी फळ्याफुडं लय येळ हुब्या हुत्या. बोटानं काय काय मोजत हुत्या."

मी वळून फळ्याकडे बघितलं. माझंच अक्षर. सोमवारी सकाळी, ते दोघं यायच्या आधी, सवयीनं भरलेला फळा. गडबडीत मुलाचीही नजर त्यावर गेली नव्हती. चार नंबर, तिचं नाव, गाव, आणि चौथ्या रकान्यात वळणदार अक्षरात 'कर्करोग'. फॉर्म समोर ठेवून उतरवला होता, तोच फॉर्म, ज्याच्या तळाशी विनंती होती. लिहिताना मनात काय होतं ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. काहीही नव्हतं. रकाना होता, म्हणून भरला.

ओढणीनंच फळा पुसायला लागले.

"मॅडम, आवं पुसताय काय? गाडीवाल्याला काय दावू आता?"

"तोंडानं सांगा," म्हटलं आणि रिक्षेला हात केला.

मिरजेचं स्टँड लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक चौकात कुणीतरी आडवं येत होतं. साडेचारला तिची मशीनवरची वेळ होती. एक शेक चुकला तर काय होतं, मुलाला फोन करायचा का, करून काय सांगायचं, रिक्षेत एकाही प्रश्नाचं उत्तर पुरं होत नव्हतं. तासगावच्या गाड्या लागतात तिथं ती बाकावर ताठ बसली होती, पिशवी मांडीवर.

"आवं, तुमी कशाला आला? खोली झाडून ठिवलीया."

"साडेचारला शेक आहे."

"कशाचा शेक?"

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिनं ती दोन्ही हातांनी धरली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी. लिवलंय न्हवं तुमीच?"

"तुम्हाला वाचता..." पुढचं मी गिळलं, पण तिला कळलं.

"न्हाई येत. आकडं कळत्यात, चार म्हंजी मी. आनि मार्का कळतो. बावीस वर्सं बेदान्याच्या शेडवर काम क्येलं, मार्का बगून खोकी लावली. एक खोकं चुकीच्या थप्पीत ग्येलं न्हाई कदी. सात नंबरफुडं जो मार्का हाय, त्योच माझ्याफुडं. बाकी कुनाफुडं न्हाई. आनि सात नंबरच्या बाईला काय झालंय त्ये ती सोताच समद्यास्नी सांगत फिरती."

दोन आठवडे मी वाटेवरचे चोर शोधत हिंडले होते.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुमच्या मुलानं लिहिलं होतं, सांगू नका म्हणून."

"त्येची येगळी चूक हाय. त्येची मी बगते." तिनं पिशवीचा बंद ओढून घट्ट केला. "फळा सोमवारपास्नं हाय. मी बगितला आज. तवर कुनी कुनी बगितला? दूधवाला येतोय, गाडीवाला येतोय, आटपाडीची ती जाडी रोज हुबी ऱ्हाऊन वाचती. माझं दुखनं माज्या आदी दूधवाल्याला ठावं! आनि मी त्येला काल म्हनते, साधी गाठ हाय रं बाबा. त्यो काय म्हनला आसंल मनात?"

तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. पलीकडच्या बाकावरची माणसं बघायला लागली, तशी तिनं पदर पुढं ओढला.

"फळा पुसलाय मी," मी म्हणाले.

"आता पुसून काय करताय?"

तेही खरं होतं. मी तिच्या शेजारी बसले. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. साडेतीनला पाच कमी.

"घरी जाऊन काय करणार आहात?"

"काय करनार? मरायचंच आसंल तर आपल्या दारात मरावं. माझी भन तशीच ग्येली."

"तुमच्या बहिणीनं शेक घेतला नव्हता. डॉक्टरांनी तुम्हाला पंचवीस दिवस बोलावलंय. ज्याच्यात काही करण्यासारखं उरलं नाही त्याला ते पंचवीस वेळा कशाला बोलावतील? तसं असतं तर औषध लिहून घरीच पाठवलं असतं. आणि सात नंबरची बाई शनिवारी घरी चाललीय. परवा तिचे सगळे शेक संपतात."

"व्हय?" ती वळली. "म्हंजी मरनार न्हाई ती?"

"कुठं मरतेय? काल सकाळीच तुमच्याशी पाण्याच्या बादलीवरून भांडली ना."

"व्हय की. लय भांडती." जराशानं म्हणाली, "आवाजबी लय हाय तिला."

तासगावची गाडी लागली. माणसं दाराशी गोळा झाली. ती उठली. मीही उठले, पण तिला कुठं धरायचं, काय म्हणायचं, काही सुचेना. तेवढ्यात माझा फोन वाजला. साताऱ्याचा नंबर. त्याची चहाची सुट्टी साडेतीनला व्हायची, कालही त्याच वेळी फोन आला होता, आणि पहिलं वाक्य कोणतं येणार ते मला ठाऊक होतं. मी फोन पालथा धरला.

"त्योच न्हवं?" म्हणत तिनं माझ्या हातून फोन घेतला. हिरवं बटण कुठलं ते विचारलं नाही, रंग बघून दाबलं.

पलीकडून आवाज आला, "मॅडम, आईला काही कळलं नाही ना?"

"कळलं," ती म्हणाली. "मीच हाय. रडू नगंस. रडू नगंस म्हनते न्हवं? माझ्या इचारल्याचं उत्तर दे. आनि कुनाकुनाला ठाव हाय?"

तिनं फोन कानाशी दाबून धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं मोजायला लागली.

"मामाला. बरं. मामाला पायजेच. थोरल्या जावंला? तिला कवा सांगितलंस? ऑपरेशनच्या आदी! म्हंजी ती मला मोसंबी घिऊन आली ती उगंच न्हाई. आनि? सासूला? तुझ्या सासूला कशाला रं? तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. आनि?"

कंडक्टर दारातून ओरडला, "मावशी, तासगाव! येताय का?"

"थांब रं, बोलतीया न्हवं!" ती त्याच्यावर खेकसली आणि फोनवर म्हणाली, "तुला न्हाई. तू बोल. आनि कोन?"

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी मागं सरकली, वळली आणि फाटकातून बाहेर गेली. तिनं गाडीकडे मान वळवूनही बघितलं नाही. एका हाताची बोटं संपली तेव्हा फोन खांद्याला दाबून दुसऱ्या हाताची सुरू केली. सात झाली, आठ झाली. आठव्या नावाला ती बाकावर खाली बसली. पलीकडून "आई, आई" असं बारीक ऐकू येत होतं.

"हाय, हाय. ऐक आता," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "शनिवारी ये. येताना डाक्टरची समदी कागदं घिऊन ये. एकबी गाळू नगंस. हितं बसून मला वाचून दाव. पयल्यापास्नं. समजंल तसं वाच, भराभर नगं. न्हाई, घरी न्हाई चालली. शेक हाय साडेचारला. ताई आल्यात न्यायला, तुझ्यापरास घाबरल्यात त्या. ठेव आता, सुट्टी संपली आसंल तुझी."

तिनं फोन माझ्या हातात दिला. बंद कसा करायचा ते तिला सापडलं नव्हतं, मुलगा अजून पलीकडे होता. मी त्याला "नंतर बोलते" म्हणाले आणि तिची पिशवी उचलून रिक्षा बघायला लागले. चारला बारा मिनिटं कमी होती.